शेजारचं टेबल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत समास शिकवले. एके दिवशी फळ्यावर त्यांनी 'द्वंद्व' हा एकच शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "भांडण." पुढून कुणी म्हणालं, "जोडी." आम्हाला वाटलं, आता दोघांपैकी एकाला उभं राहावं लागणार. गुरुजी म्हणाले, दोघंही बरोबर आहेत. भीम आणि जरासंध लढले ते द्वंद्व, आणि रामलक्ष्मण हाही द्वंद्वच. मग त्यांनी नियम सांगितला. द्वंद्व समासात दोन्ही पदं प्रधान असतात. एक पद दुसऱ्याच्या आधाराने उभं राहिलं की समास बदलतो, तो तत्पुरुष होतो.

परीक्षेपुरता पाठ केलेला हा नियम पुढे माझ्या नोकरीत मला इतक्यांदा आठवला की आजचं व्याख्यान त्याच्याच भोवती फिरणार आहे.

आयोजकांनी विषय दिला होता 'कार्यालय आणि विनोद'. त्यांच्या परवानगीने मी तो लहान करून घेतला आहे. कार्यालयातल्या विनोदी मालिकांमध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर बसणारे दोन सहकारी असतात. दिवसभर ते एकमेकांवर कुरघोडी करतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या कुरघोडीतून त्यांच्यात असं काही तयार होतं की त्याला मैत्रीच म्हणावं लागतं. हे कसं घडतं, एवढंच मला आज पाहायचं आहे. मी बत्तीस वर्षं एका सरकारी लेखाशाखेत काढली. त्याआधी, तरुणपणी, दोन हंगाम विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं. दोन्हीकडे अशा जोड्या जवळून पाहिल्या. एका जोडीत मी स्वतः होतो.

सुरुवात मात्र परदेशातून करतो. २०२०च्या टाळेबंदीत लेकीने मला लॅपटॉपवर 'द ऑफिस' ही मालिका लावून दिली. मालिका मूळची इंग्लंडची. रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली, बीबीसीवर २००१ ते २००३ या काळात दाखवलेली, सगळी मिळून १४ भागांची. २००५मध्ये तिचा अमेरिकी अवतार सुरू झाला. तो २०१३पर्यंत चालला, नऊ हंगाम, २०१ भाग. २०१९मध्ये हॉटस्टारवर तिचं हिंदी रूपही आलं, त्यातलं कार्यालय फरिदाबादला आहे. तिन्ही ठिकाणी कंपनी कागद विकणारी.

कागद म्हटल्यावर आपल्याला बल्लारपूर आठवणारच. अमेरिकी मालिकेतलं स्क्रँटन हे गाव तर एकेकाळी कोळशाच्या खाणींवर वाढलेलं. कोळसा आणि कागद! मी पहिला भाग पाहिला तेव्हा ते गाव मला लांबचं वाटेना. बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ सालची. तिच्यासाठी गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं ट्रकांतून गेला. त्याच जंगलातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळवला, आणि एप्रिल २०११मध्ये आपला बांबू आपणच विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तो लढा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. इथे एवढंच म्हणतो की आपल्या रानात उगवलेला बांबू कागद होऊन आपल्याच कार्यालयांत परत येत होता, नोटशीट होऊन, आवक-जावक रजिस्टर होऊन, ज्येष्ठता यादी होऊन. आणि त्या कागदांच्या दोन बाजूंना दोन माणसं बसलेली असत.

अमेरिकी मालिकेतल्या अशा दोघांची नावं जिम आणि ड्वाइट. दोघेही विक्रेते, दोघांची टेबलं लागून. जिम हुशार, आळसावलेला, कामात मन नसलेला. ड्वाइट कष्टाळू, नियमांचा भोक्ता, बीटची शेती करणारा. पहिल्याच भागात जिमने ड्वाइटचं स्टेपलर जेलीत गोठवून ठेवलेलं असतं. मूळ ब्रिटिश मालिकेतही टिम आणि गॅरेथ यांच्यात हेच घडतं. पाहणारा हसतो आणि पुढे जातो. मी थांबलो, कारण स्टेपलर ही वस्तू मला माहीत आहे. कारकुनाच्या टेबलावर त्याची म्हणावी अशा वस्तू फार थोड्या असतात. खुर्ची सरकारी, पंखा सरकारी, कपाटाची किल्ली साहेबांकडे. स्टेपलरवर मात्र पांढऱ्या रंगाने आपलं आद्याक्षर काढून ठेवलेलं असतं. शेजाऱ्याने तिथे हात घातला, म्हणजे कुठे हात घातला की याला लागेल हे त्याला नेमकं ठाऊक आहे.

आता गुरुजींच्या समासाकडे येतो. ड्वाइट स्वतःला 'सहायक विभागीय व्यवस्थापक' म्हणवतो. दर वेळी कुणीतरी त्याला दुरुस्त करतं: 'विभागीय व्यवस्थापकाचा सहायक'. इंग्रजीत हा फरक दोन छोट्या शब्दांचा आहे. मराठीत तो षष्ठीच्या 'चा' प्रत्ययाचा आहे, म्हणजे थेट तत्पुरुषाचा. त्या एका 'चा'ने माणूस स्वतःचा राहत नाही, कुणाचा तरी होतो. ज्यांनी प्रभारी पदावर वर्षं काढली आहेत, ज्यांनी 'कनिष्ठ सहायक' आणि 'वरिष्ठ सहायक' यांच्यातलं अंतर कापता कापता केस पांढरे केले आहेत, त्यांना या विनोदात किती दुःख भरलंय ते वेगळं सांगायला नको. ड्वाइट साहेबाच्या संदर्भात तत्पुरुष आहे. जिमच्या संदर्भात मात्र तो द्वंद्व आहे. दोघांची श्रेणी एक, पगाराचा प्रकार एक, टेबलाची उंची एक. त्यांची झुंज रंगते ती याच्याच बळावर.

आणि ही झुंज चालवायला माणूस किती पाठ असावा लागतो, पाहा. एका प्रसंगी जिम ड्वाइटच्या टेलिफोनच्या रिसिव्हरमध्ये आणखी आणखी नाणी टाकत जातो. वजन इतकं हळूहळू वाढतं की ड्वाइटच्या हाताला ते सवयीचं होतं. मग एके दिवशी सगळी नाणी काढून घेतो. फोन वाजतो, ड्वाइट सवयीच्या जोराने रिसिव्हर उचलतो आणि तो त्याच्याच डोक्यावर आदळतो. हा खोडसाळपणा आहे हे खरंच. पण एका माणसाच्या हाताला रोज किती वजन पेलतं, याचा असा हिशेब त्या इमारतीत दुसऱ्या कुणी ठेवला होता? २००७च्या एका भागात जिम चक्क ड्वाइट होऊन येतो, तसाच भांग, तसाच चष्मा, तसाच शर्ट, बोलण्याची तीच ढब. नक्कल करणाऱ्याला विचारा. ज्याची करायची तो माणूस महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

मराठीत या भावनांसाठी शब्द पुष्कळ आहेत. मत्सर, हेवा, असूया, ईर्ष्या, चुरस. मला वाटतं, मत्सरी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो. चुरशीतला माणूस दुसऱ्याच्या हाताकडे पाहतो. ताट पाहून माणूस कळत नाही. हात पाहून कळतो. माझ्या या व्याख्यानाचं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. आता ते घडताना दाखवणं बाकी आहे.

त्याच वर्षीचा, चौथ्या हंगामातला एक प्रसंग सांगतो. ड्वाइटचं प्रेम मोडलेलं आहे. तो कार्यालयाच्या जिन्यात जाऊन रडतो आहे. जिम तिथे येतो. तो सांत्वनाचे शब्द बोलत नाही. पायरीवर बसून, समोर पाहत, तो स्वतःची गोष्ट सांगतो: आपणही कधी असेच होतो, झोप लागत नव्हती, अन्नाला चव नव्हती, आपल्या शत्रूवरही अशी वेळ येऊ नये असं वाटायचं. एवढं बोलून तो उठून जातो. ड्वाइटचा चेहरा हातांत आहे, त्याने पाहिलेलं नाही. खांद्यावर टाकायला तो हात पुढे करतो, आणि हात रिकाम्या हवेत राहतो.

मी हा प्रसंग तीनदा पाहिला. जिम थांबला असता, मिठी झाली असती, तर तो कुठल्याही मालिकेतला प्रसंग झाला असता. तो उठून गेला, कारण त्या दोघांत जवळीक सांगण्याची भाषा नाही. दहा-दहा वर्षं शेजारी बसणाऱ्या पुरुषांमध्ये ती बहुधा नसतेच. आमच्याकडे तर आईचे दिवस झाल्यावर माणूस कामावर येतो, शेजारचा त्याच्यासमोर चहा ठेवतो आणि म्हणतो, "मागच्या महिन्याचं विवरण राहिलंय तुमचं." ऐकणाऱ्याला त्यात सगळं ऐकू येतं.

शेवटच्या भागात ड्वाइट व्यवस्थापक झालेला असतो. त्याच्या लग्नात जिम करवला असतो, आणि त्या दिवसासाठी तो ज्या युक्त्या करतो त्या सगळ्या ड्वाइटला आनंद देणाऱ्या. पुढे जिम आणि त्याची बायको नोकरी सोडायला येतात, तेव्हा ड्वाइट त्यांना राजीनामा देऊ देत नाही, उलट काढून टाकतो, म्हणजे त्यांना नुकसानभरपाईची रक्कम मिळेल. नियमांवर जीव असलेल्या माणसाने नियमातूनच प्रेम करण्याची वाट काढली. इथवर यायला २०१ भाग लागले. ब्रिटिश मालिकेच्या १४ भागांत टिम आणि गॅरेथ या ठिकाणी पोचू शकले नाहीत. हिंदी मालिकाही लवकर आटोपली. माझ्या मते यात लेखकांचा दोष कमी आणि दिवसांचा जास्त. अशी मैत्री मुरायला वेळच लागतो, जसं लोणचं बरणीत हवं तितके दिवस राहावं लागतं.

एक गोष्ट इथे मी मोकळेपणाने बोलली पाहिजे. कार्यालयातली प्रत्येक थट्टा चुरस नसते. मी तरुण असताना एका बैठकीत, आरमोरीकडचा एक नवा कर्मचारी त्याच्या झाडीबोलीत उभं राहून माहिती देत होता. 'ळ'च्या जागी त्याचा 'र' येत होता, 'ण'च्या जागी 'न'. दोन वरिष्ठ एकमेकांकडे पाहून हसले, आणि त्यानंतर तो माणूस बैठकीत कधी बोलला नाही. तो चांगला कर्मचारी होता. त्याच्या गप्प राहण्याने नुकसान कुणाचं झालं हे आम्हाला ठाऊक आहे. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलांना, एकट्या पडलेल्या बाईला, रोजंदारीवरच्या शिपायाला अशा 'गमती' रोज सोसाव्या लागतात. त्यातल्या कशालाही मी या व्याख्यानात जागा देणार नाही. तिथे दोन पदं प्रधान नाहीत. उलटून बोलण्याची ज्याला सोय नाही, त्याच्याशी चुरस होत नसते, त्याचा फक्त छळ होतो. आपल्या बोलीला पडद्यावर बहुतेक वेळा गड्याच्या नाहीतर गावंढळाच्याच तोंडी घातलं जातं, तेव्हाही मला हेच दुखतं. आपला माणूस हसवतो, पण बरोबरीच्या खुर्चीवर बसून हसवायला त्याला बोलवत नाहीत.

मराठी विनोदात जोड्या काही कमी नाहीत. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तर दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात घराघरांत पोचले. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची जोडी १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'मुळे आजही लोकांच्या तोंडी आहे. पण या जोड्या नात्यातल्या, नाहीतर मित्रांच्या. चिमणराव कारकून, पुलंच्या 'असा मी असामी'चा नायकही कारकून. तरी त्यांची खरी धमाल घरी आणि चाळीत. शेजारच्या टेबलाकडे आपल्या लेखकांनी मान वळवून फारसं पाहिलं नाही. ज्या मध्यमवर्गाने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं दहा ते साडेपाच तिथे काढली, त्याच्या त्या तासांची गोष्ट अजून पुरती लिहायची राहिली आहे असं मला वाटतं.

ती गोष्ट मी जिथे पाहिली, त्या जागेला कुणी कार्यालय म्हणत नाही. झाडीपट्टीचं नाटक ही मात्र कामाचीच जागा आहे, आणि फार कष्टाच्या कामाची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्यात भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. तिथल्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गावोगावचे लोक येतात, तारखा धरतात, पोस्टर घेऊन जातात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. बैलांच्या शर्यतींवरच्या २०१४च्या बंदीनंतर पट काही वर्षं थांबले, नाटकं थांबली नाहीत. त्या एका रात्रीसाठी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. रात्री दहाच्या सुमाराला पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. माणसं चादरी, घोंगड्या घेऊन बसलेली असतात. झोपलेली पोरं हशा पिकला की जागी होतात.

त्या नाटकांत रडवणारं कथानक एका अंगाने जातं, आणि विनोदी पात्रं दुसऱ्या अंगाने. ही दुसरी वाट बिनमहत्त्वाची कुणी समजू नये. पहाटे तीन वाजता तीन-चार हजार माणसांना जागं ठेवणं हे तिचं काम. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच वाटेवरच्या आयुष्यभराच्या चालण्यासाठी. झाडीपट्टी त्यांना आपले दादा कोंडके म्हणते. सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० हून जास्त प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. तो सन्मान जाहीर झाला तेव्हा माझे डोळे भरून आले. आणि लगेच मनात आलं, या ५,००० रात्रींत त्यांच्यासमोर कुणीतरी उभं असणार. प्रश्न विचारणारं, चिडणारं, मार खाणारं, योग्य क्षणी गप्प राहणारं. आपल्या जुन्या तमाशात सोंगाड्याला सरदार लागतो, तसं. हशा एकाच्या नावावर जमा होतो, तो उभा मात्र दोघांच्या खांद्यांवर असतो. त्या समोरच्या माणसांच्या नावांची यादी कुठे नाही.

प्रॉम्प्टर विंगेत बसतो, म्हणून त्याला दोघांचेही चेहरे दिसतात. आमच्या नाटकात दोन विनोदी नट होते. थोरला पन्नाशीचा, धाकटा तिशीच्या आतला. थोरल्याला वन्समोर मिळण्याची सवय होती, आणि त्या हंगामात तो धाकट्याला मिळू लागला. मग सुरू झालं. थोरला वाक्य संपवताना अर्धा क्षण थांबायचा, ती हशाची जागा. धाकटा नेमका तिथे काहीतरी हावभाव करायचा आणि हशा आपल्याकडे ओढून घ्यायचा. दुसऱ्या रात्री थोरला थांबायचंच बंद करायचा, म्हणजे धाकट्याला फट मिळणार नाही. तिसऱ्या रात्री धाकटा त्या वेगालाच धरून नवं काही काढायचा. संहितेत नसलेली अशी किती वाक्यं त्या दोघांनी एकमेकांवरच्या रागातून तयार केली असतील! मी प्रॉम्प्ट करायचं सोडून नुसता ऐकत राहायचो. महिन्याभरात तो प्रवेश पाच मिनिटांचा बारा मिनिटांचा झाला, आणि गावागावांतून त्याचीच मागणी येऊ लागली.

मेकअपच्या खोलीत दोघांचा आरसा एकच. कापडी कनातीला तारेने टांगलेला, एका कोपऱ्यात तडा गेलेला. भांडण कितीही झालेलं असो, धाकट्याच्या मिशा थोरलाच काढायचा, कारण धाकट्याचा हात हलायचा. काजळाची काडी, एका हाताने धरलेली हनुवटी, आणि "हालू नको गा" एवढाच संवाद. मी हे रोज पाहायचो. ज्याची फजिती करायची त्याच्याच मिशा तो इतक्या जपून काढायचा की दोन्ही टोकं अगदी सारखी यायची.

जानेवारीत सिंदेवाहीकडच्या एका गावी थोरल्याचा घसा पार बसला. पहिल्या अंकात कसंबसं निभावलं, दुसऱ्यात आवाजच येईना. मी विंगेतून वाक्यं देतोय, आणि त्याचे ओठ नुसते हलताहेत. तेव्हा धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काहून गा, बोलून नाही रायला? बायकोनं बोलायला मनाई केली का?" हशा झाला. पुढचा सगळा प्रवेश त्याने एकट्याने बोलला, दोघांचीही वाक्यं. स्वतःचा प्रश्न, मग "तुमी म्हणाल की," असं म्हणून थोरल्याचं उत्तर. आणि दर उत्तरानंतर तो बाजूला सरकायचा, थोरल्याच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. थोरल्याने काय तोंडं केली त्या रात्री! एक शब्द न बोलता त्याने तीनदा वन्समोर घेतला.

पहाटे गाडीत बसल्यावर मला वाटलं, आता हे एकमेकांना मिठ्या मारतील. थोरला घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोलला ते असं: "माह्या चार ओळी खाल्ल्या तुनं." धाकटा म्हणाला, "चार नाही, तीन. चौथी तुमालेच आठवत नोयती." वडसा येईपर्यंत ते त्या चौथ्या ओळीवर भांडत होते. थर्मासमधलं गरम पाणी मधूनमधून धाकटा झाकणात ओतून पुढे करत होता, आणि थोरला भांडण न थांबवता पीत होता.

शंकरपटात जोडी हा शब्द बैलांसाठी वापरतात. कुठला तरी एक बैल, कुठला तरी दुसरा, वेगवेगळ्या दावणींत वाढलेले. एक जास्त पळाला तर छकडा वाकडा जातो, एक मागे पडला तरी वाकडाच जातो. जाणते धुरकरी सांगतात की चांगल्या जोडीत दोन्ही बैल पळता पळता एकमेकांचा अंदाज घेत असतात. मला त्या रात्रीच्या गाडीत तेच दिसलं होतं. पण त्याचा अर्थ कळायला मला स्वतःचं टेबल मिळावं लागलं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी आणि मी, आम्ही दोघे एकाच भरतीतले. तो माझ्या तीन दिवस आधी रुजू झाला, आणि त्या तीन दिवसांवर आमची सगळी नोकरी गेली. ज्येष्ठता यादीत त्याचं नाव वर, माझं खाली. प्रत्येक बढतीला तो पुढे. इकडे सगळेच एकमेकांना भाऊ म्हणतात, आम्हीही म्हणायचो, पण बावीस वर्षं शेजारी बसून अहो-जाहोच्या खाली कधी उतरलो नाही. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. माझी टिपणी त्याच्यापेक्षा नेमकी. तो माझी टिपणी साहेबांकडे जाण्याआधी वाचायचा, मी त्याची रजिस्टरं उलट्या बाजूने वाचायला शिकलो होतो. त्याच्या तपासणीत आक्षेप निघाला की मला बरं वाटायचं. हे मी लपवणार नाही.

एका मार्चअखेरीला माझ्या रोकडवहीत ४५० रुपयांचा फरक येत होता. दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षक येणार होते. रात्री नऊपर्यंत मी बेरजा केल्या, प्रत्येक पावती लावून पाहिली, सापडेना. शेवटी दिवे घालवून घरी गेलो. सकाळी लवकर येऊन वही उघडली तर आत एक चिठ्ठी होती. त्या सुंदर अक्षरात दोनच आकडे: १,९४० आणि १,४९०. खाली काही नाही. ज्यांनी हिशेब लिहिला आहे त्यांना ठाऊक असतं, फरकाला नवाने भाग गेला की बहुधा आकडे उलटसुलट झालेले असतात. ४५० भागिले ९, पन्नास. मी एका पावतीवरचा १,९४० हा आकडा वहीत १,४९० असा उतरवला होता. माझ्यामागून तो कार्यालयात आला होता, किंवा थांबला होता, आणि माझी पूर्ण महिन्याची वही त्याने ओळीओळीने वाचली होती.

तो ती वही कशासाठी उघडून बसला असेल, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. बहुधा माझी चूक धरण्यासाठीच. ती त्याला सापडली. साहेबांचं दालन त्याच्या टेबलापासून सहा पावलांवर होतं. चिठ्ठी माझ्या वहीत आली.

मी त्याचे आभार मानले नाहीत. दहाला तो आला तेव्हा म्हणालो, "पान एकतीस, खाली शाईचा डाग पडलाय. चिठ्ठी ओली असताना ठेवली होती वाटतं." तो म्हणाला, "पेन तुमचंच होतं, भाऊ. गळतं ते." आणि कामाला लागला.

आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत, तिथेही तो माझ्या आधी. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं. तारीख आम्ही कधी ठरवत नाही. यंदा मी गेलो तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. तो आत भिंतीकडच्या बाकावर होता, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून. मला पाहिल्यावर त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली, माझ्या हातातला फॉर्म ओढून घेतला, खिशातून चष्मा काढला आणि वरपासून वाचायला सुरुवात केली.